लोक काऊन येत नाहीत?

ज्या स्टेडियममध्ये हजारो खुर्च्या आहेत आणि माणसं जेमतेम एका साखरपुड्याइतकी, तिथे रुमाल टाकून जागा धरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. तो माझ्या शेजारी राहतो.

ठोंबरेकाका सामन्याला निघताना खिशात इस्त्री केलेले पाच-सहा रुमाल घेतात. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल फेकून जागा धरणाऱ्या पिढीतले ते. स्टेडियममध्ये शिरले की सावलीच्या बाजूला एक रांग निवडतात, आपल्या डाव्या-उजव्या खुर्च्यांवर एकेक रुमाल पसरतात आणि मग सभोवताली अशा नजरेने पाहतात की जणू बाहेर चेंगराचेंगरी चालू आहे आणि दारं आत्ता उघडणार आहेत. बाहेर कोणी नसतं. आतही कोणी नसतं.

एकदा एक म्हातारं अमेरिकन जोडपं नेमकं त्याच रांगेत बसायला आलं. काका मनापासून दिलगीर होऊन म्हणाले, सॉरी, या जागा धरलेल्या आहेत. त्या दोघांनी रुमालांकडे पाहिलं, मग पार टोकापर्यंत रिकाम्या पडलेल्या स्टँडकडे पाहिलं, आणि ते उठून खूप लांब जाऊन बसले. थोड्या वेळाने घरीच गेले. म्हणजे आपणहून आलेली दोन माणसंसुद्धा काकांनी पळवून लावली. मी तसं सुचवून पाहिलं, तर मला म्हणाले, "तुले नाही समजत. रिकामी खुर्ची पाहिली का माणूस घाबरते. रुमाल पाहिला का त्याले वाटते, कोणीतरी येऊन राहिलं."

मधुकर ठोंबरे मूळचे अकोल्याचे. ऐन तारुण्यात अमेरिकेत आले, सगळी नोकरी न्यू जर्सीच्या रस्तेबांधणीत काढली, आणि निवृत्त होऊन पिस्कॅटवेला आमच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या घरात राहायला आले. इतकी वर्षं इथे राहूनही त्यांचं इंग्रजी वऱ्हाडी आहे आणि मराठी तर आहेच. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'काऊन'. काऊन म्हणजे का, कशासाठी. पण आपल्या 'का'मध्ये नुसती चौकशी असते. काकांच्या 'काऊन'मध्ये फिर्याद असते. आणि गेली काही वर्षं त्यांची एकच फिर्याद आहे: लोक काऊन येत नाहीत?

कुठे, तर बेसबॉलला. आमच्या भागात टर्टल्स नावाचा एक व्यावसायिक संघ होता. व्यावसायिक म्हणजे खेळाडूंना पगार मिळतो; किती मिळतो ते विचारू नये. टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या संघांच्या खाली एक लांब शिडी असते आणि तिच्या शेवटच्या पायरीवर, एक पाय जमिनीवर ठेवून, हा संघ उभा असे. काका त्यांना 'आपली कासवं' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटतं त्यांनी घरात कासवं पाळली आहेत. एका बाईंनी तर काकूंना विचारलं होतं, की वास येत नाही का?

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्या स्वभावामुळे. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. फक्त स्वच्छ कागद-बाटल्यांसाठी असलेल्या निळ्या डब्यात चुकून चिकट पिझ्झाचं खोकं टाकलं तरी मी गाडी येईपर्यंत खिडकीआड उभा असतो. नागपूर असो वा न्यू जर्सी, कोणी बोलावलं की आपण 'येऊ की कधीतरी' म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'येणार नाही' असा दोन्ही पक्षांना व्यवस्थित कळतो. काकांनी पत्रपेटीपाशी मला गाठलं, मी 'येऊ की कधीतरी' म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी ते गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभे राहिले. माझी बायको मीनल आतून हळूच म्हणाली, "जा आता. नाहीतर महिनाभर माझ्यासमोर कुढत बसशील." ती मला ओळखून आहे.

तेव्हापासून, दर उन्हाळ्यात, मी त्या रुमालांपैकी एकावर बसतो.

गर्दी का होत नाही याबद्दल काकांचे अनेक सिद्धांत आहेत आणि ते ऐकण्यासाठी सामना ही सर्वोत्तम जागा आहे, कारण तिथे ऐकायला दुसरं काही नसतं.

पहिला आणि मुख्य सिद्धांत वळणाचा. न्यू जर्सीत मोठ्या रस्त्यांवर डावीकडे जायचं असेल तर बहुधा डावीकडे वळता येत नाही. आधी पुढे जायचं, मग उजवीकडच्या फाट्याला लागायचं, किटलीच्या कानासारखा गोल वळसा घ्यायचा, सिग्नलला थांबायचं आणि मग रस्ता ओलांडायचा. टर्टल्सचं स्टेडियम असंच डाव्या हाताला लखलखताना दिसतं. आपण ते बघत बघत त्याच्यासमोरून पुढे निघून जातो. मग फर्निचरची दुकानं लागतात, मग गाड्यांचे शोरूम लागतात, आणि तेवढ्यात पोरं मागून म्हणतात की भूक लागली. काकांच्या मते बरीचशी माणसं खरोखर सामन्याला निघालेली असतात, पण वळणापाशी त्यांचा धीर सुटतो आणि ती सोफा घेऊन घरी जातात. "विषय गर्दीचा नाहीच बाप्पा, विषय वळणाचा आहे," हे वाक्य ते दर सामन्याला, गाडी त्या कानात वळत असतानाच म्हणतात.

मी एकदा विचारलं, काका, ही वळणं तुमच्याच खात्याने बांधली ना? काकांनी आरसा नीट केला. मग म्हणाले, "ते वेगळं टेबल होतं."

दुसरा सिद्धांत उन्हाचा. पहिल्या बेसच्या बाजूला बसलं की संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यात जातं, म्हणजे अर्धं स्टेडियम बांधतानाच बाद. तिसरा सिद्धांत असा की इथे राहणाऱ्या कोणाचंच हे गाव नाही. जो तो कुठून तरी आलेला, आणि बाप ज्या बड्या संघासाठी ओरडायचा त्याच संघासाठी टीव्हीसमोर ओरडणारा. चौथा सिद्धांत मला त्यातल्या त्यात पटतो. या पायरीवर जो खेळाडू जरा चांगला खेळतो त्याला वरच्या पायरीवरचे उचलून नेतात. लोकांनी नाव पाठ करावं, तर पुढच्या आठवड्यात माणूस गायब. "आपल्या मंडळासारखंच," काका म्हणतात. "ज्याले तबला वाजवता येते त्याची बदली टेक्सासले होते. राहतात कोण? निवेदन करणारे."

आमच्या मराठी मंडळाचं निवेदन गेली तीन वर्षं मी करतो. काका मला लागेल असं बोलले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मलाच उगाच तबला न शिकल्याचं वाईट वाटलं.

काका सामना पाहतात कसा, हेही सांगायला हवं. ते ओरडत नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या पालकासारखे बसतात. प्रत्येक खेळाडूचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारलं की टाळ्या वाजवतात. एकटेच असतात त्यामुळे त्या नीट मोजता येतात. चेंडू हुकला तर मोठ्याने म्हणतात, "काही हरकत नाही, होऊन राहिलं, होऊन राहिलं." आणि पाहुण्या संघाचं नाव पुकारलं तरी टाळ्या वाजवतात. जरा हळू, पण वाजवतात. यावरून एकदा मागच्या रांगेत बियर पीत बसलेला एकजण त्यांच्यावर चिडला. तू नेमका कोणाच्या बाजूचा आहेस, असं त्याने विचारलं. काका वळून, अगदी आदराने, त्याला इंग्रजीत म्हणाले की ते आपल्या घरी आलेले आहेत, त्यांना साधं या-बसाही म्हणायचं नाही का? बियरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी बूट बांधू लागलो.

ठोंबरेकाकूंचा या सगळ्याला विरोध आहे. रुमालांना इस्त्री त्या करतात, पण बोलता बोलता करतात. एकदा मी दारात उभा असताना त्या म्हणाल्या, "घरी चार माणसं बोलवाचं म्हटलं तर यांच्या तोंडातून शब्द निघत नाही. अन् तिकडे चार हजार बोलवाले निघाले." काका बूट घालत होते. म्हणाले, घरी आलेल्या माणसाशी बोलावं लागते. काकू म्हणाल्या, "हाव ना. अन् तुम्ही बोलले का तो पुन्हा येत नाही." हे खरं होतं. आमच्या ओळीतले लोक काकांना लांबून पाहिलं की फोन कानाला लावत. मीही लावलेला आहे. फोन बंद असतानाही लावलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात या फिर्यादीला एकाएकी मुदत लागली. स्टेडियमच्या कार्यालयात ब्रॅड नावाचा एक उमदा, सतत घामेजलेला मॅनेजर होता. तिकिटं विकणं, गवत ओलं आहे का पाहणं आणि कधीकधी स्वतःच कासवाचा पोशाख घालून पोरांना घाबरवणं ही सगळी कामं त्याचीच. त्यानेच काकांना सांगितलं, की संघाचे मालक दुसऱ्या एका गावाशी बोलणी करत आहेत. तिथली नगरपालिका नवं स्टेडियम बांधून देणार आहे. या मोसमात इथली गर्दी वाढलेली दिसली नाही तर टर्टल्स जातील.

काका त्या दिवशी परत येताना वळणाबद्दल काही बोलले नाहीत. मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र ते सकाळी सकाळीच आले. त्यांची योजना ठरली होती. मंडळाची सगळी माणसं एका शनिवारी स्टेडियममध्ये आणायची, आम्ही बसतो तो तिसऱ्या बेसचा स्टँड भरून दाखवायचा, ब्रॅडने तो मालकांना दाखवायचा. आता मराठी माणसाला बेसबॉलला आणायचं कसं? काकांनी आयुष्यभर माणसांची वर्दळ मोजली होती. त्यांना ठाऊक होतं. ओकट्री रोडच्या, म्हणजे इथल्या देशी बाजारातल्या, एका केटररला त्यांनी पुरीभाजी, मसालेभात आणि जिलबी सांगितली. स्टँडमागच्या हिरवळीवर टेबलं मांडायची परवानगी ब्रॅडने दिली. त्या काळात त्याने हत्ती आणायचीही दिली असती. आणि काकांनी मंडळाच्या ग्रुपवर स्वतः निरोप लिहून टाकला: 'शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आपल्या संघाचा सामना. सामन्यानंतर महाप्रसाद. सहकुटुंब यावे.'

मी तो वाचला. मला त्यात काही खटकलं नाही. उलट शुद्धलेखन बरोबर आहे म्हणून मी अंगठा दिला. अंगठ्यांची नुसती रांग लागली. काका ती रांग मला दोनदा दाखवायला आले.

शनिवारी पाच वाजता तिसऱ्या बेसच्या स्टँडमध्ये ठोंबरेकाका, ठोंबरेकाकू, मी आणि मीनल असे चौघं होतो. काकांनी त्या दिवशी रुमाल पुरणार नाहीत म्हणून घरातल्या उशांचे अभ्रे, टॉवेल आणि काकूंच्या दोन जुन्या साड्या आणल्या होत्या. साड्या उलगडल्या की एकेका साडीत एक एक रांग धरली जाते, हा शोध त्यांना त्याच दिवशी लागला. स्टँड एखाद्या चाळीच्या गच्चीसारखा दिसत होता. पहिली इनिंग झाली. दुसरी झाली. काका दर थोड्या वेळाने उठून फाटकाकडे पाहत. "वळणात अडकले असतील," म्हणत. पाचव्या इनिंगनंतर तेही म्हणेनासे झाले. काकूंनी कधी नव्हे ते त्यांना काही ऐकवलं नाही. पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

चूक कुठे झाली हे मला तेव्हा उमगलं. मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन करणाऱ्या माणसाला ते खरं तर आधीच उमगायला हवं होतं. 'सामन्यानंतर महाप्रसाद' हे वाचल्यावर मराठी माणूस फक्त एकच गोष्ट करतो. सामना कधी संपेल याचा हिशोब. मंडळात नाटक असलं की शेवटच्या प्रवेशाला सभागृह भरतं, आणि ज्यांनी नाटक पाहिलं नाही तेच बाहेर रांगेत नाटक छान होतं म्हणतात. कार्यक्रमाला आपण उशिरा पोचू. जेवणाला आपण कधी उशीर केल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

आणि तसंच झालं. नववी म्हणजे शेवटची इनिंग सुरू झाली आणि फाटकातून माणसं यायला लागली. पैठण्या, कुर्ते, गजरे, ढकलगाडीतली बाळं, भारतातून आलेले आईवडील. एडिसनहून, साउथ ब्रन्सविकहून, कुठून कुठून. काका उठले आणि वेड्यासारखे साड्या, टॉवेल, अभ्रे गोळा करत धावू लागले. या, या, जागा आहे, धरून ठेवलेली आहे. पाहता पाहता स्टँड भरला, पलीकडचा भरला. ब्रॅड कासवाचं डोकं काखेत धरून कठड्याशी उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

लोकांचा हिशोब चोख होता. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही. नऊ इनिंगनंतर धावा समान असल्या तर एकाचा निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. त्या दिवशी समान होत्या.

पुढचा वेळ मला आयुष्यभर आठवेल. मागून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. केटरर म्हणे, सामना संपल्याशिवाय वाढायचं नाही असं ठोंबरेसाहेबांनी सांगितलंय. दहावी इनिंग गेली. कोणाला काही कळत नव्हतं, पण टर्टल्सची फलंदाजी आली आणि त्यांनी एक धाव केली की सामना तत्क्षणी संपतो, एवढं काकांनी पहिल्या रांगेला समजावलं आणि ते वाऱ्यासारखं मागे पसरलं. अकराव्या इनिंगला आमचे लोक उभे राहिले. घरच्या संघावर एवढं प्रेम मी अमेरिकेत कुठे पाहिलेलं नाही. "एक रन! एक रन!" अशी गर्जना सुरू झाली. सांगलीचे एक आजोबा काठी आपटत ओरडत होते, "सोड की एक, तुझं काय जातंय!" संघावरची निष्ठा कुठून येते यावर काकांनी इतकी वर्षं विचार केला होता, ती पोटातून येते हे उत्तर त्यांच्या एकाही सिद्धांतात नव्हतं.

पाहुण्या संघाने नवीन चेंडूफेक्या आणला. उंच, काटकुळा, कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरचा. लाउडस्पीकरने नाव पुकारलं, यादिएल. काकांनी सवयीने हळू टाळ्या वाजवल्या, पण त्या गर्जनेत त्या ऐकू आल्या नसणार. पोरगा बावरला होता. एवढी माणसं आपल्यावर ओरडताना त्याने बहुधा प्रथमच पाहिली होती. बघता बघता टर्टल्सचे खेळाडू तिन्ही बेसवर जाऊन उभे राहिले. अशा वेळी चार चेंडू वाईट पडले तर फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो, सगळे एकेक घर पुढे सरकतात, आणि तिसऱ्या बेसवरचा घरी पोचतो, म्हणजे धाव मिळते. पहिला चेंडू बाहेर. दुसरा जमिनीत. तिसरा फलंदाजाच्या डोक्यावरून, मागच्याने उडी मारून कसाबसा अडवलेला. लोक नाचत होते. चौथा बाहेर गेला, आणि सामना संपला.

पुढच्या क्षणी स्टँड रिकामा झाला. रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून लोक टर्टल्सचा विजय साजरा करायलाही थांबले नाहीत. मैदानावर टर्टल्सची पोरं आनंदाने टोप्या हलवत वर पाहत होती आणि वर पुन्हा खुर्च्याच होत्या. यादिएल अजून चेंडू फेकायच्या मधल्या उंचवट्यावरच उभा होता.

जेवणं रंगली. जो तो काकांची पाठ थोपटत होता, कार्यक्रम छान झाला म्हणत होता. थोड्या वेळाने काकू मला म्हणाल्या, "बघ रे बाबू, हे कुठं गेले? ताट वाढून ठेवलं आहे." मी शोधायला गेलो. काका पाहुण्या संघाच्या बसपाशी होते. दोन्ही हातांवर चांदीच्या कागदाने झाकलेला पुऱ्यांचा भला मोठा ट्रे, त्यावर जिलब्यांचं खोकं. बसच्या पायरीवर यादिएल बसला होता. त्याचं इंग्रजी कच्चं, काकांचं वऱ्हाडी. तरी दोघांचं बरं चाललं होतं. काका त्याला सांगत होते, की आमचे लोक तुझ्यावर ओरडत नव्हते, त्यांना भूक लागली होती. ते त्याला पटलं असं वाटलं नाही. तो म्हणाला, तुमचा संघ नशीबवान आहे, इथे किती माणसं येतात. आमच्या संघाच्या गावी आम्ही खेळतो तेव्हा कोणीच नसतं.

मी काकांकडे पाहिलं. आता सिद्धांत सुरू होणार, पोराची बस चुकणार, अशी माझी खात्री होती.

"येतात," काका म्हणाले. "आमच्या इथं येतात लोक." आणि त्यांनी ट्रे त्याच्या मांडीवर ठेवला.

टर्टल्स गेले. ही बातमी पंधरा दिवसांनी ब्रॅडने स्वतः काकांच्या घरी येऊन सांगितली. त्या शनिवारच्या गर्दीचं काय झालं, असं मी चिडून विचारलं. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, की फाटकावरची तिकिटं तपासणारी यंत्रं सातव्या इनिंगला बंद करतात. त्यानंतर आलेला माणूस हिशोबात येत नाही. म्हणजे त्या स्टेडियमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी कागदोपत्री आलीच नव्हती. मालकांनी पाहिलेल्या आकड्यात आमच्यापैकी फक्त आम्ही चौघं होतो. पण त्याने काही बदललं नसतं, मालकांचं आधीच ठरलं होतं, असंही तो म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजला, वळणापर्यंत नीट जा म्हणाले. तो गेल्यावर मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे. खोटं बोलता येत नाही त्याले."

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तीन-चार दिवस मी मुद्दाम पत्रपेटीपाशी रेंगाळलो. मग एका शुक्रवारी तेच आले. रविवारी मोकळा आहेस का, म्हणाले. पेनसिल्व्हेनियाला जायचं आहे, यादवचा सामना आहे, त्याच्या संघाच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा. यादिएलचा त्यांनी यादव केला होता. मी 'बघतो' म्हणालो. 'बघतो' चा अर्थही सगळ्यांना कळतो. काका म्हणाले, सकाळी नऊला निघू.

वाटभर ते प्रत्येक चौकाला नावं ठेवत होते. डोंगर लागले, जुन्या कोळशाच्या खाणींची गावं लागली. शेवटी मी विचारलं, काका, आपला संघ गेला, आता या दुसऱ्याच्या संघासाठी आपण एवढं लांब चाललोय, काऊन?

त्यांचा शब्द मी वापरला याची गंमत त्यांच्या लक्षात आली नाही. मग म्हणाले, ते अमेरिकेचे नागरिक झाले तेव्हा शपथ घ्यायला एका मोठ्या सभागृहात बोलावलं होतं. काकू बाळंतपणाला अकोल्यात होत्या. काकांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण. एकेकाचं नाव पुकारत, तो उठे, आणि त्याची माणसं मागून टाळ्या वाजवत, झेंडे हलवत. यांचं नाव पुकारलं. उच्चार इतका वाईट होता, की दुसऱ्याच कोणाचं असेल म्हणून क्षणभर हे बसूनच राहिले. उठले तेव्हा सभागृह एकदम शांत झालं.

"मग एक बाई वाजवू लागली," काका म्हणाले. "एकटीच. मोठ्यामोठ्यानं."

कोण होती, मी विचारलं.

"काय माहीत. दुसऱ्याच कोणासाठी आली होती."

एवढं बोलून ते समोरच्या चौकातला सिग्नल किती चुकीच्या जागी बसवलाय ते मला सांगू लागले.

ते स्टेडियम आमच्यापेक्षा जुनं, आमच्यापेक्षा रिकामं होतं. खरं सांगायचं तर ते पाहून मला थोडा आनंदच झाला, आणि त्या आनंदाबद्दल मी परतताना वाटेत खजील झालो. रस्त्यावरून सरळ डावीकडे वळता येत होतं, तरी कोणी आलं नव्हतं. आम्ही दोघं पुढच्या रांगेत बसलो. यादिएलला सहाव्या इनिंगला आणलं. लाउडस्पीकरवरच्या माणसाने त्याचं नाव असं काही उच्चारलं की यादव त्यामानाने बरं म्हणावं.

काका उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मोठ्यामोठ्याने, हात डोक्याच्या वर नेऊन. मग मीही उठलो.

पोरगा उंचवट्यापाशी पोचला होता. आवाज ऐकून तो थबकला. त्याने आमच्याकडे पाहिलं; मग मागे वळून पाहिलं, की या टाळ्या कोणासाठी आहेत.